विलीनीकरणाचा मसुदा आधी कोकणाला वाचायला द्या

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये संमती कळवली. गोवा, कर्नाटक आणि केरळ ही भागीदार राज्यं त्याआधीच राजी झाली होती, अडून होता तो महाराष्ट्रच. संमती देताना राज्याने दोन गोष्टी मागितल्या: ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावं आणि राज्याने गुंतवलेले सुमारे ३९४ कोटी रुपये परत मिळावेत. तेव्हापासून या विषयावर जो वाद चालू आहे तो ऐकताना जीव कासावीस होतो. एका बाजूचे लोक सांगतात, एकदा विलीनीकरण झालं की दुपदरीकरण, टर्मिनस, नव्या गाड्या, सगळं आपोआप येईल. दुसरी बाजू म्हणते, कोकणाने रक्ताचं पाणी करून उभी केलेली रेल्वे दिल्लीच्या घशात जाते आहे, आपली ओळख पुसली जाते आहे. या दोघांनाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. तुमच्यापैकी कुणी विलीनीकरणाचा मसुदा वाचला आहे का? त्यात काय असावं, याची यादी तरी कुणी केली आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. विलीनीकरण व्हायला हवं. ते खरं तर दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. पण राज्याने घातलेल्या दोन अटी पुरेशा नाहीत. नाव राहील आणि पैसे राज्याच्या तिजोरीत परत येतील, यात खेडच्या किंवा कुडाळच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला काय मिळालं? ज्या अटींवर कोकणाचं भलं-बुरं ठरणार आहे त्या रुळांबद्दलच्या, भाड्याबद्दलच्या आणि कारभाराच्या जागेबद्दलच्या आहेत. त्या करारात तारखांसह लिहून घेतल्याशिवाय सही करणं ही मोठी चूक ठरेल. असं का म्हणतो, हे समजून घ्यायचं तर ही रेल्वे कशी आली आणि कुठून गेली, तिथपर्यंत मागे जावं लागतं.

ज्यांनी रेल्वेच्या आधीचं कोकण पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं की मुंबईहून घरी जाणं हा तेव्हा एक प्रसंग असायचा. आमच्या घरातल्या थोरल्यांच्या बोलण्यात भाऊचा धक्का, बोट लागणं, हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं आणि बोटीतून पडावात उतरताना छातीशी धरलेली पोरं हे सगळं एका दमात यायचं. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे आषाढ-श्रावणात घरी कुणी गेलं तरी पोचता यायचं नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ती आठवण किनाऱ्यावरच्या घरांतून अजून पुसलेली नाही. पुढे एसटीचा लाल डबा आला, घाट आले, रात्रभराचा प्रवास आला. पण मनीऑर्डरवर चालणारी घरं तशीच राहिली. माणसं मुंबईला जायची आणि पैसे गावाला यायचे, बाकी काही हलायचं नाही.

या काळात ज्यांनी रेल्वेचा ध्यास घेतला त्यांची नावं आज भाषणांपुरती उरली आहेत. अ. ब. वालावलकरांनी आयुष्य या एका मागणीत घालवलं. बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार म्हणून १९५७ पासून १९७१ साली निधन होईपर्यंत संसदेत कोकणाची बाजू मांडत राहिले. त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून मधु दंडवते निवडून आले, १९७७ मध्ये रेल्वेमंत्रीही झाले. तरीही रूळ इंचाइंचाने पुढे सरकत होते. दिव्याहून पनवेल, पनवेलहून आपटा, आणि रोह्याला पोचायला १९८६ साल उजाडलं. रोह्याच्या पुढे सह्याद्रीचे फाटे, खाड्या आणि तीन महिन्यांत कोसळणारा प्रचंड पाऊस. दर वेळी उत्तर एकच मिळायचं: पैसे नाहीत.

१९८९-९० मध्ये एक योग जुळून आला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून ही लाइन बांधायची तर आणखी पंचवीस वर्षं जातील हे दोघांनाही दिसत होतं. म्हणून वेगळी वाट काढली. १९ जुलै १९९० रोजी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. त्यात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा-केरळचे प्रत्येकी ६ टक्के भागभांडवल होतं. उरलेला बहुतेक पैसा करमुक्त रोख्यांतून बाजारातून उभा केला. ई. श्रीधरन अध्यक्ष झाले. त्यांनी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची सुमारे ७४० किलोमीटरची लाइन, नव्वदहून जास्त बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल, हे सगळं जेमतेम साडेसात वर्षांत पुरं केलं. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. महामंडळ हा त्या वेळचा अचूक निर्णय होता आणि त्याबद्दल फर्नांडिस, दंडवते, श्रीधरन यांचं ऋण कोकणाने कायम मानलं पाहिजे.

पण ती व्यवस्था कशासाठी होती हे मात्र आपण विसरलो. बांधा, चालवा आणि हस्तांतरित करा, या तत्त्वावर ती उभी होती. म्हणजे लाइन पुन्हा भारतीय रेल्वेच्या हाती जाणं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आज जे म्हणतात की विलीनीकरण हा कोकणाच्या स्वायत्ततेवरचा घाला आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावं. महामंडळ म्हणजे घर बांधताना उभारलेली परांची होती. परांचीशिवाय घर उभं राहिलं नसतं, हे खरं. पण घर बांधून पंचवीसहून अधिक वर्षं झाल्यावरही ती काढली नाही, तर खिडक्या उघडत नाहीत.

आता मार्गाकडे पाहू, कारण ही रेल्वे कुणासाठी बांधली याचं उत्तर तिच्या आखणीतच आहे. लाइन ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखली गेली. चढ १५० ला १ पेक्षा जास्त नको आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नको, असा दंडक होता. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे एसटीला पावलापावलावर वळावं लागतं, तिथे असा सरळ आणि सपाट मार्ग हवा असेल तर डोंगर फोडावा लागतो, दऱ्या ओलांडाव्या लागतात आणि गावं बाजूला ठेवावी लागतात. उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. अभियांत्रिकीचा हा पराक्रम पाहून ऊर भरून येतो. पण त्याच आखणीमुळे राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून अठराएक किलोमीटर लांब पडलं. सावंतवाडीचं स्टेशन शहराबाहेर मळगावला गेलं. दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला या किनाऱ्याकडच्या गावांना स्टेशनच नाही. रात्री दोन वाजता उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रिक्षाला किती द्यावे लागतात, हे चाकरमान्यांच्या कुठल्याही घरात विचारा.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. मुंबई आणि दक्षिण भारत यांना जोडणारी देशाची मुख्य लाइन म्हणून ही आखणी योग्यच होती. मुंबई-मंगळूर हे रेल्वेने २०४१ किलोमीटरचं अंतर ९१४ वर आलं आणि एकेचाळीस तासांचा प्रवास पंधरा तासांवर. देशाला याचा फायदा किती मोठा! माझं म्हणणं एवढंच की जी लाइन देशाच्या सोयीसाठी अशी आखली, तिचा खर्च देशाच्या रेल्वेनेच उचलायला हवा होता. प्रत्यक्षात तो कुणी उचलला?

इथे भाड्याचा मुद्दा येतो आणि या वादात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे, की त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. कर्ज फेडता यावं म्हणून या मार्गावर अंतर फुगवून भाडं आकारलं जातं: प्रवाशांसाठी ४० टक्के आणि मालासाठी ५० टक्के जास्त. शंभर किलोमीटर गेलात तर १४० किलोमीटरचे पैसे. यावर एक सरळ उत्तर दिलं जातं आणि ते बिनतोड वाटतं. हा भार फक्त कोकणी माणसावर नाही, केरळला जाणाराही तो देतो. शिवाय एवढं करूनही रेल्वेचं तिकीट एसटीपेक्षा आणि खासगी बसपेक्षा स्वस्त आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण जरा हिशेब करून बघा. मंगळूरला जाणाऱ्याला ७४० किलोमीटरच्या जागी १०३६ किलोमीटरचं भाडं पडतं, म्हणजे २९६ किलोमीटर जादा. त्याबदल्यात त्याचे जुन्या मार्गाचे ११२७ किलोमीटर वाचले. जादा भाडं देऊनही तो फायद्यातच राहिला, आणि फायदा झालेल्याने त्यातला थोडा भाग द्यावा हे न्यायाचंच आहे. चिपळूणला किंवा कणकवलीला उतरणाऱ्याचं काय वाचलं? त्याच्यासाठी लांबचा रेल्वेमार्ग आधी नव्हताच. वेळ वाचला, हाडं वाचली, हे मान्य. पण नाशिकला, सोलापूरला, नांदेडला पहिल्यांदा रेल्वे पोचली तेव्हा तिथल्या माणसाचीही हाडं वाचलीच होती, आणि आज त्यांच्याकडून कुणी किलोमीटरमागे जादा पैसे घेत नाही. एकाच देशाच्या रेल्वेत, एकाच राज्यात, एका किनारपट्टीला वेगळा दर का? आणि तो किती वर्षं?

याला एक जुना दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात या देशात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ‘हमी’ पद्धतीने बांधली गेली. भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी, आणि कमाई कमी पडली तर तूट भारतीय करदात्याने भरायची. दादाभाई नौरोजींपासून अनेकांनी या व्यवस्थेवर टीका केली, कारण जोखीम एकाची आणि लाभ दुसऱ्याचा असा तो मामला होता. अखेर १९२५ मध्ये त्या रेल्वेचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. कोकण रेल्वेचे रोखे आणि त्या काळची हमी यांत फरक आहे, इथे परदेशी भागधारक नाहीत आणि लुटीचा हेतू नाही. तरी एक साम्य आहे: भांडवल उभं करण्याच्या सोयीची किंमत लाइनवरच्या माणसाकडून वसूल होते आणि ती वसुली कधी थांबणार हे त्याला कुणी सांगत नाही.

आता विरोधकांचे मुद्दे घेतो, कारण ते हलके नाहीत. पहिला मुद्दा महामंडळाच्या कामाचा. कोकण रेल्वेची माणसं पावसाळ्यात जे करतात ते आपण पाहिलेलं आहे. जून ते ऑक्टोबर वेगळं वेळापत्रक, कमी केलेला वेग, रात्रंदिवस रुळांवर चालणारी गस्त, दरडींना बांधलेल्या जाळ्या. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर आदळून गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर या महामंडळाने दरडींच्या बाबतीत जी शिस्त बसवली ती वाखाणण्यासारखी आहे. अनुभवी हात बदल्यांच्या चक्रात गेले, एखादा अधिकारी सपाट मुलुखातून येऊन या मार्गावरची निवसरची खचणारी जमीन किंवा पोमेंडीला डोंगर कापून केलेली वाट समजून घ्यायच्या आत पुन्हा बदलून गेला, तर काय होईल? ही भीती खरी आहे. चिनाब नदीवरचा पूल बांधणारी संस्था हीच आहे, हेही विसरता येत नाही.

पण हाच मुद्दा नीट तपासला तर तो विलीनीकरणाच्या बाजूने झुकतो. दरडींशी लढायला माणसांच्या निष्ठेबरोबर पैसाही लागतो. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ दरड आली आणि मार्ग दिवसभराहून अधिक काळ ठप्प झाला. त्याच महिन्यात पेडण्याच्या बोगद्यात खालून पाणी वर आलं. पर्यायी दुसरा रूळ नाही, त्यामुळे एक दरड पडली की मुंबई ते केरळ सगळं थांबतं. दुपदरीकरण झालं ते फक्त रोहा ते वीर, जेमतेम ४६ किलोमीटर, आणि तेही २०२१ मध्ये. पुढचं का अडलं? कारण महामंडळाला स्वतःच्या कमाईतून किंवा कर्जातून पैसा उभा करावा लागतो आणि ज्या संस्थेने आधीचंच कर्ज जादा भाड्यातून फेडलं तिला आणखी हजारो कोटींचं कर्ज कोण देणार, आणि ते फेडणार कोण? पुन्हा चिपळूणचा प्रवासीच ना? चिनाबचा पूल अभिमानाचा आहेच, पण काश्मीरपासून नेपाळपर्यंत बाहेरची कामं घेऊन आपला ताळेबंद सांभाळावा लागणं हे कोकणातल्या लाइनच्या सुदृढतेचं लक्षण म्हणता येईल का? बांधकाम करणारी संस्था वेगळी ठेवा, तिचं कौशल्य जपा, त्यात कुणालाही हरकत नाही. रोजच्या गाड्या चालवण्याचं ओझं तिच्या ठेक्यांच्या नफ्यावर नको.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रेल्वेसाठी महाराष्ट्राच्या वाट्याला २३,७७८ कोटी रुपये आल्याचं जाहीर झालं. आकडा मोठा आहे. पण स्वतंत्र महामंडळ असल्यामुळे इतर विभागांना जसा थेट निधी मिळतो तसा कोकणाच्या लाइनला मिळत नाही. स्टेशनांच्या नूतनीकरणाच्या अमृत भारत स्थानक योजनेत राज्यभरातली स्टेशनं घेतली गेली तेव्हा कोकण रेल्वेची स्टेशनं बाहेर राहिली. मग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा स्टेशनांचा दर्शनी भाग सुशोभित केला. विचार करा, रेल्वे स्टेशनची कमान राज्याचं बांधकाम खातं उभारतं आणि आत फलाटावर छप्पर अपुरं राहतं, कारण फलाट बांधकाम खात्याचा नाही. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ साली झालं. त्या वेळी पहिलीत असलेलं पोर आता दहावीच्याही पुढे गेलं, आणि टर्मिनस अपुरंच आहे.

दुसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. भारतीय रेल्वेत गेल्याने भलं होतं, याचा पुरावा काय? दादर-रत्नागिरी पॅसेंजर ही चाकरमान्यांची हक्काची गाडी होती. कोविडनंतर ती दिव्यातूनच सुटू लागली. हातात पिशव्या, पाठीवर पोर, आणि दादरहून लोकलच्या गर्दीतून दिवा गाठायचं. ही अडचण कोकण रेल्वेच्या हद्दीतली नाही, मुंबईच्या हद्दीतली आहे. ज्या मध्य रेल्वेला आपल्या पॅसेंजरसाठी दादरला फलाट सापडत नाही, तिच्याच हाती सगळी लाइन द्यायची? आणि मुंबई-गोवा महामार्ग तर केंद्राच्याच अखत्यारीत आहे. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि दर गणपतीला तेच खड्डे, तीच आश्वासनं.

या आक्षेपाला मी उत्तर देण्याआधी तो आणखी पक्का करतो. इतिहासात याहून कडू दाखला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शी, मग पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. अडीच फुटी रुळांची सव्वातीनशे किलोमीटरची ती गाडी वारकऱ्यांची गाडी होती. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेऊन भारतीय रेल्वेत सामील केली. पुढे काय झालं? पन्नास वर्षांहून अधिक काळ लातूर, बार्शी, पंढरपूर, मिरज या पट्ट्याचा बराचसा भाग त्याच अरुंद रुळांवर राहिला. विलीनीकरण झालं होतं, नाव बदललं होतं, पैसे चुकते झाले होते. रूळ रुंद कधी करायचे हे मात्र कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मग महामंडळ तसंच ठेवावं का? त्याचाही दाखला विदर्भात आहे. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर, अशी सुमारे १९० किलोमीटरची ‘शकुंतला’ रेल्वे. वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे नेण्यासाठी खासगी कंपनीने बांधलेली ही लाइन स्वातंत्र्यानंतरही राष्ट्रीयीकरणातून बाहेर राहिली. मालकी कंपनीची, गाडी चालवणार रेल्वे. मालक म्हणे, दुरुस्ती चालवणाऱ्याने करावी. चालवणारा म्हणे, दुसऱ्याच्या मालमत्तेवर मी पैसा कसा घालू? या दोघांच्या मध्ये रूळ झिजत गेले, वेग बैलगाडीच्या बरोबरीला आला आणि अखेर गाडी बंद पडली. आजही त्या पट्ट्यातले लोक ती परत मागत आहेत. मालकी आणि जबाबदारी दोन वेगळ्या हातांत राहिली की रेल्वेचं काय होतं, ते शकुंतलेने दाखवलं. कोकणात आज ते कमी तीव्रतेने घडतंच आहे. गाडी रोह्याच्या अलीकडे एका प्रशासनाची, पलीकडे दुसऱ्याची. नवी गाडी मागितली की एक म्हणतो रेक (डब्यांचा संच) नाही, दुसरा म्हणतो मार्ग मोकळा नाही. दादरची पॅसेंजर गेली तेव्हा जाब विचारायला नेमकं कुणाच्या दारात जायचं, हेच माणसाला कळत नव्हतं. विलीनीकरणाने निदान दार एक होईल.

बार्शीने दाखवलं की नुसतं विलीनीकरण पुरत नाही, आणि शकुंतलेने दाखवलं की बाहेर राहणं परवडत नाही. म्हणूनच मला करारातली कलमं महत्त्वाची वाटतात. जादा भाडं विलीनीकरणाच्या तारखेपासून बंद, हे पहिलं. रोहा ते ठोकूर ही लाइन तुकडे न करता एकसंध राहील, हे दुसरं. एकेरी रुळावर कुठली गाडी कुठल्या स्टेशनात बाजूला घ्यायची याचे निर्णय एकाच नियंत्रण कक्षाने घेतले तरच वाहतूक सुरळीत राहते. रोह्यापासून एक भाग मध्य रेल्वेला, पुढचा नैर्ऋत्य रेल्वेला, शेवटचा दक्षिणेला, अशी वाटणी झाली तर क्रॉसिंगला तासतासभर थांबणारी गाडी दोन तास थांबेल. या लाइनचा स्वतंत्र विभाग हवा आणि त्याचं मुख्यालय रत्नागिरीत हवं, कारण दरड पडते तेव्हा निर्णय घेणारा माणूस नवी मुंबईत, महामंडळाच्या बेलापूरच्या कचेरीत बसून चालत नाही. वीरपासून पुढच्या दुपदरीकरणाचे टप्पे, वर्षांसकट. ज्यांच्या कलमांच्या बागा आणि भातखाचरं या रुळांखाली गेली, त्या प्रकल्पग्रस्तांच्या घरातल्या मुलांचे नोकरीचे हक्क. भारतीय रेल्वेची भरती देशभरातून होते, तिथे हे हक्क लिहिलेले नसतील तर ते संपलेच. आणि २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली वैभववाडी-कोल्हापूर ही १०७ किलोमीटरची जोडणी. घाटमाथ्याचा माल जयगडकडे, विजयदुर्गकडे उतरायचा तर ही लाइन लागतेच. ती दोन प्रशासनांच्या मध्ये लोंबकळते आहे.

कुणी म्हणेल, असल्या करारात एवढा तपशील लिहितात का? आणि लोकांना विचारत बसलं तर काम होईल का? गोव्यात हा प्रयोग उलट्या बाजूने होऊन गेला आहे. १९९१ च्या सुमारास आखणीच्या खुंट्या खाजण शेतांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) आणि दाट वस्तीत दिसू लागल्या तेव्हा लोकांना कळलं की रेल्वे आपल्या दारातून जाणार आहे. डोंगराकडचा पर्यायी मार्ग घ्या, अशी मागणी उठली, मोर्चे निघाले, काही महिने काम थांबवावं लागलं, न्यायमूर्ती ओझा यांची चौकशी बसली. शेवटी लाइन बरीचशी मूळ आखणीनेच गेली. त्या आंदोलनाच्या सगळ्या मागण्या मला पटत नाहीत. पण सुरुवातीलाच नकाशा गावागावात ठेवून लोकांशी बोलणी केली असती, तर वेळही वाचला असता आणि कटुताही. तीस वर्षांनंतर आपण तीच चूक कराराच्या कागदांबाबत का करावी?

मसुदा मराठीत हवा, कोकणीत हवा, कन्नड आणि मल्याळममध्येही हवा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या जिल्हा परिषदांपुढे तो ठेवला जावा, प्रवासी संघटनांच्या हाती पडावा, त्यावर हरकती घ्यायला मुदत मिळावी. आणि राज्याला परत मिळणारे ते ३९४ कोटी तिजोरीत जमा करून विसरून जाऊ नका. ते कोकणातल्या करदात्याच्या घामाचेही आहेत. राजापूर रोड, सावंतवाडी, वैभववाडी, खेड अशा स्टेशनांपासून गावांपर्यंत रात्रीअपरात्री गाडीच्या वेळेला धरून धावणाऱ्या एसटी त्यातून सुरू होऊ शकतात. मंगळूरला पंधरा तासांत पोचवणाऱ्या त्या सरळ आखणीने गावापासून दूर ठेवलेली शेवटची अठरा किलोमीटरं अजून तशीच शिल्लक आहेत.